आजीचं माहेर कुठलं?

निफाड तालुक्यातलं एक गाव, मारुतीच्या देवळापुढचा सभामंडप, सकाळची वेळ. द्राक्षाचा माल निघून गेला होता, खरड छाटणी अजून लागायची होती, त्यामुळे माणसांना जरा उसंत होती आणि उपाशीपोटी रक्त द्यायला बऱ्यापैकी गर्दी जमली होती. स्पिरिटचा वास, उदबत्तीचा वास आणि मागे चुलीवर पडलेल्या पोह्यांच्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळले होते. टेबलामागे एक विद्यार्थिनी मधुमेहाच्या जनुकीय अभ्यासाचा फॉर्म भरून घेत होती. समोर सत्तरीच्या आसपासच्या एक आजी, पदर खोचून, बाही वर करून तयार. नाव, वय, गाव, साखर कधी निघाली, गोळ्या कोणत्या, सगळं त्यांनी खडखडीत आवाजात सांगितलं. मग विद्यार्थिनीने विचारलं, “समाज?” आजी थांबल्या. म्हणाल्या, “का गं बाई, साखर काय जात बघून येती का?”

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. “फॉर्मवर आहे आजी, म्हणून विचारलं.” आजींनी मान वळवून मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून उत्तर दिलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त भरलं, नळीवर पट्टी चिकटली, पुढचा नंबर आला. घडलं ते एवढंच. पण तो उतरलेला आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. अभ्यासाचा आराखडा बघून देणं हे माझं रोजचं काम, आणि असा रकाना फॉर्मवर हवा असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. आजींचा प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि त्या मंडपात तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

साखर जात बघून येत नाही, हे आधी सांगायला हवं. माणसामाणसाच्या जनुकांत लाखो ठिकाणी एकेका अक्षराचा फरक असतो. त्यातलं एखादं अक्षर मधुमेह असलेल्यांत जास्त वेळा सापडतं का, इतकंच असा अभ्यास विचारतो. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला मधुमेह नसलेला तुलनागट, दोन्हीकडे मोजायचं आणि ताडून बघायचं. ऐकायला फार सोपं. सगळी अडचण ‘दुसऱ्या बाजूला कोण’ या प्रश्नात दडलेली आहे. काळ्या रानातल्या बागेला नवं खत दिलं, मुरमाडातल्या बागेला दिलं नाही, आणि काळ्या रानातला घड चांगला भरला, तर गुण खताचा की रानाचा? हे कोड्यात टाकणारं नाही, निफाडच्या कुठल्याही आजी ते मलाच समजावून देतील. माणसांच्या बाबतीत ‘रान’ म्हणजे पूर्वजांकडून आलेला वारसा. रुग्ण एका वारशाचे आणि तुलनागट दुसऱ्या वारशाचा असेल, तर दोन्ही गटांत हजारो अक्षरं वेगळी निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांचा साखरेशी काडीचाही संबंध नसेल.

हे पुस्तकी भय नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पिमा या मूलनिवासी समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. विल्यम नोलर आणि सहकाऱ्यांनी तिथे रक्तातल्या एका प्रथिनाचा वारशाने येणारा प्रकार तपासला. तो प्रकार ज्यांच्यात होता त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना मधुमेह, ज्यांच्यात नव्हता त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना. इतकी मोठी तफावत पाहून कोणालाही वाटेल की मधुमेहापासून वाचवणारं जनुक हाती लागलं. पण ज्या माणसांत गोऱ्या युरोपीय पूर्वजांचा अंश होता त्यांच्यातच तो प्रकार प्रामुख्याने होता. पूर्वज किती पिमा आणि किती युरोपीय याचा हिशेब धरल्यावर ते ‘संरक्षण’ विरघळून गेलं. १९८८ साली हे छापून आलं, आणि अजूनही मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर हेच दोन आकडे लिहिते. मुलं वहीत उतरवून घेतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्यातलाच एखादा प्रबंधाचा आराखडा घेऊन येतो आणि म्हणतो, “कंट्रोल मिळतील हो मॅडम, रक्तदान शिबिरात.”

रक्तदान शिबिरातला तुलनागट म्हणजे कोण? नाशिकच्या कॉलेज रोडवरची वीस-बावीस वर्षांची मुलं. रुग्ण कोण? पंचावन्न-साठीचे, सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंतच्या गावांतून एसटीने आलेले. त्या मुलांपैकी कितीतरी जणांना पंचेचाळिशीत साखर निघणार आहे, आज ते ‘निरोगी’ आहेत ते फक्त वयामुळे. आणि दोन्ही गटांची गावं वेगळी, बोली वेगळ्या, सोयरिकींची वर्तुळं वेगळी. मी त्या मुलाला म्हटलं, तुझे रुग्ण ज्या वाडीतून आले त्याच वाडीत जा, त्याच वयाची माणसं शोध, त्यांची उपाशीपोटी साखर तपास आणि मगच त्यांना दुसऱ्या बाजूला बसव. त्याचा चेहरा उतरला. प्रबंधाची मुदत, प्रवासाचे पैसे, वॉर्डातल्या ड्यूट्या, हे सगळं मला दिसत होतं. त्याच्याबद्दल वाईट वाटलं, तरी सल्ला बदलता येण्यासारखा नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न अ‍ॅरिझोनापेक्षाही गुंतागुंतीचा आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतले कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग, अमेरिकेतले डेव्हिड राइश आणि सहकारी यांनी भारतातल्या २५ समूहांची जनुकं ताडून पाहिली. प्राचीन काळी इथे दोन मोठे वारसे मिसळले, आणि पुढे समूहांनी आपापल्यातच लग्नं लावल्यामुळे बारीक बारीक वेगळेपण पिढ्यानपिढ्या साठत गेलं, असं त्यातून दिसलं. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास आला. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होती, आणि या ८१ पैकी १४ समूह दहा लाखांहून जास्त लोकसंख्येचे होते. म्हणजे एकाच गल्लीत शेजारी राहणारी, एकाच नळाचं पाणी पिणारी, एकाच दुकानातून साखर आणणारी दोन घरं जनुकांच्या हिशेबात शेकडो वर्षं वेगळी राहिलेली असू शकतात. गल्लीने त्यांना वेगळं केलं नाही. लग्नांनी केलं.

मी पंचवटीत वाढले. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाज्यासमोरून शाळेत जायचे. काळ्या दगडाची ती भिंत उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ऊब धरून असते, हाताला ती ऊब अजून आठवते. त्या दरवाज्यांशी २ मार्च १९३० पासून माणसं बसली होती, उभी राहिली होती, मार खात होती, कारण जन्म पाहून त्यांना आत जाऊ दिलं जात नव्हतं. बाबासाहेबांनी सुरू केलेला तो सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. अशा जिल्ह्यात, देवळासमोरच्या मंडपात, चारचौघांत, एका म्हाताऱ्या बाईला सुई टोचण्याआधी आपण जात विचारतो. आपला हेतू शास्त्रीय असतो. पण ऐकणाऱ्याच्या कानात त्या प्रश्नाबरोबर जे येतं त्यावर आपल्या हेतूचा ताबा नसतो. आजींनी मागच्या रांगेकडे का पाहिलं असेल, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही.

आणि तरीही तो रकाना सहज पुसून टाकता येत नाही.

ज्या व्यवस्थेने माणसांना वेगळं ठेवलं, तिच्याच खुणा आज त्यांच्या रक्तात आहेत. त्या खुणांकडे डोळेझाक केली तर अभ्यास चुकतो, आणि चुकीच्या अभ्यासाचं ओझं शेवटी कोणावर पडतं? ‘अमुक समाजात मधुमेहाचं जनुक आहे’ अशी बातमी ज्या समाजाबद्दल छापून येते, त्याच्यावर. खोटा संबंध बहुतेक वेळा असाच जन्मतो, दोन समाजांतल्या निरुपद्रवी फरकाला आजाराचं नाव चिकटतं. म्हणून मला तो प्रश्न विचारायलाही नको वाटतो आणि न विचारताही चैन पडत नाही.

गणिताने थोडी वाट काढून दिली आहे. २००६ मध्ये अ‍ॅल्केस प्राइस आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, ती आता सगळेच वापरतात. माणसाने सांगितलेल्या ओळखीवर न विसंबता, त्याच्या जनुकांतल्या लाखो अक्षरांवरूनच तो वारशाच्या नकाशावर कुठे बसतो हे काढायचं आणि तेवढा फरक हिशेबातून वजा करायचा. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात कोणाला काही विचारावं लागत नाही. पण तिला एक अट आहे. नकाशाच्या प्रत्येक भागात रुग्णही हवेत आणि तुलनागटातली माणसंही हवीत. सगळे रुग्ण एका कोपऱ्यात आणि सगळा तुलनागट दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तर वारशाचा फरक कोणता आणि आजाराचा कोणता हे कुठलंही सूत्र सांगू शकत नाही. म्हणजे माणसं गोळा करतानाच समतोल साधावा लागतो, आणि त्यासाठी कोण कुठला हे आधी कळावं लागतं.

दुसरी वाट याहून जुनी आहे, १९९३ मधली. तुलनागट बाहेरून आणायचाच नाही. रुग्णाच्या आईवडिलांची जनुकं पाहायची. त्यांनी मुलाला दिलेली अक्षरं एका बाजूला, आणि त्यांच्याकडे असूनही मुलाकडे न आलेली अक्षरं दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे पूर्वज तेच, त्यामुळे रानाचा प्रश्नच मिटतो. इतकी सुंदर कल्पना संख्याशास्त्रात क्वचित सापडते. बालवयात होणाऱ्या मधुमेहात ती उपयोगी पडली. पण साठीत साखर निघालेल्या माणसाचे आईवडील कुठून आणायचे? ते गेलेले असतात. नाशिकमध्ये त्यांची नावं सापडतात, रक्त सापडत नाही.

नावं खरोखरच सापडतात. वडील गेल्यावर आम्ही रामकुंडावर गेलो तेव्हा उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि एक लांबट, कडा मऊ पडलेली वही काढली. आजोबांची सही, पणजोबांचं मोडीतलं नाव, कुठल्या साली कोण कशासाठी आलं होतं, सगळं त्या पानांवर. कोणाच्या तरी ओल्या बोटांनी एका ठिकाणी शाई पसरली होती. मला रडू आलं, आणि त्याच वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. त्या पानांवर पुरुषांमागून पुरुष होते. पणजी होती, पण अमक्याची पत्नी म्हणून. तिचं माहेर कुठलं, ते कुठेच नव्हतं. माझ्यात जितका पणजोबांचा वारसा आहे तितकाच तिचा आहे, आणि त्या अर्ध्या वारशाचं गाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगते, चारही आजीआजोबांची गावं विचारा, आणि सुरुवात आजीच्या माहेरापासून करा. शिबिरात याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. समाज विचारला की आवाज खाली जातो, माहेर विचारलं की चेहरा खुलतो. एक बाई आईच्या आईचं दिंडोरीकडचं गाव सांगताना तिथली विहीर, चिंच, बैलगाडीचा रस्ता, सगळं सांगत बसली आणि मागची रांग खोळंबली. माहेराने जातीची जागा पूर्णपणे भरून निघत नाही, एका गावात अनेक समाज असतात हे मला माहीत आहे. पण चार गावं आणि घरची बोली एवढं कळलं तरी माणूस नकाशावर बराचसा दिसू लागतो.

आकड्यांकडे मात्र प्रेमाने बघून भागत नाही. २००२ साली जोएल हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी तोवर छापून आलेल्या जनुक-आजार संबंधांचा आढावा घेतला. तीन किंवा अधिक वेळा तपासले गेलेले १६६ संबंध होते. त्यातले पुन्हा पुन्हा खरे ठरलेले फक्त ६. बाकीच्यांमागे लबाडी होती असं नाही. गट लहान होते, एकाच माहितीत वीस ठिकाणी शोधलं तर योगायोगानेच एखादं जनुक ‘सापडतं’, आणि जे सापडलं तेच छापायला जातं. पुढे सगळ्या जनुकसंचावर एकदम दहा लाख ठिकाणी तपासणी करणं शक्य झालं, तेव्हा नेहमीची वीसात एक चूक चालवून घेतली असती तर पन्नास हजार खोटे संबंध पदरात पडले असते. म्हणून पट्टी कडक झाली. निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता दोन कोटींत एक, त्याहून कमी असेल तरच बोला. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सात आजारांचे प्रत्येकी २,००० रुग्ण आणि ३,००० जणांचा सामायिक तुलनागट घेऊन जो मोठा अभ्यास झाला, त्याने हे शिस्तीचं काम कसं दिसतं ते दाखवून दिलं.

आमच्याकडे आराखडा येतो तो ५० रुग्ण आणि ५० तुलनागटाचा. मधुमेहाशी सगळ्यात घट्ट बांधलेलं सामान्य जनुक म्हणजे टीसीएफ७एल२, आइसलंडच्या संशोधकांनी २००६ मध्ये शोधलेलं. त्याचं धोक्याचं अक्षर धोका साधारण १.४ पटीने वाढवतं. तेवढं एकच ठिकाण तपासायचं म्हटलं, आणि ते अक्षर तुलनागटात शंभरात तीस असेल, तरी प्रत्येक बाजूला तीनशेहून जास्त माणसं लागतात. धोका १.१५ पट असेल आणि दोन कोटींतल्या एकाची पट्टी लावायची असेल, तर प्रत्येक बाजूला नऊ हजारांच्या वर. बहुतेक खरी जनुकं अशीच हलकी असतात. ५० माणसांत ती दिसत नाहीत, आणि दिसलीच तर आपल्या खऱ्या वजनापेक्षा कितीतरी जड दिसतात, कारण नशिबाने फुगलेला आकडाच एवढ्या लहान गटात नजरेत भरतो. हे समजावताना मला त्या मुलांचा उत्साह मारायचा नसतो. मी त्यांना सांगते, पाच-सहा कॉलेजांनी मिळून एकच फॉर्म, एकच व्याख्या, एकच पद्धत ठरवा. टीसीएफ७एल२ भारतीयांत खरं ठरलं ते २००७ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि सीसीएमबीतले गिरिराज चांडक यांच्या एकत्र कामातून. आइसलंडमध्ये दिसलेली गोष्ट आपल्या माणसांतही टिकली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

रुग्ण कोणाला म्हणायचं, हेही वाटतं तितकं सरळ नाही, आणि नाशिक जिल्ह्यात तर नाहीच. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी ही चाचणी सोयीची, उपाशी राहावं लागत नाही, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह. पण ती हिमोग्लोबिनवर चालते. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत सिकलसेलचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक आजाराचं, जनुक असलेली माणसं आहेत. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत २०१७ साली दिसून आलं की रक्तातली साखर तितकीच असूनही सिकलसेलचं एक जनुक असलेल्यांचा एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो वाढू शकतो. आता केवळ याच चाचणीवर पेठमध्ये अभ्यास केला तर ‘सिकलसेलचं जनुक मधुमेहापासून वाचवतं’ असा निष्कर्ष छानपैकी निघेल, आणि तो मोजपट्टीचा दोष असेल. म्हणून त्या भागात उपाशीपोटी साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा साखर बघायची. त्रासदायक आहे. दोन तास मंडपात बसलेल्या माणसाची मजुरी बुडते, ती आराखड्याच्या खर्चात धरायला हवी. मी ती ओळ तपासल्याशिवाय आराखडा पुढे जाऊ देत नाही.

प्रयोगशाळेतही हाच न्याय. शंभरी गाठलेल्यांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये गाजला आणि २०११ मध्ये मागे घेतला गेला. जनुकं वाचायच्या चिपा दोन्ही गटांना सारख्या प्रमाणात वापरल्या गेल्या नव्हत्या, आणि एका चिपेच्या दोषाचा ठसा दीर्घायुष्याचा ठसा वाटला. निफाडच्या नळ्या एका पेटीत आणि तुलनागटाच्या दुसऱ्या पेटीत अशा जाऊ नयेत, ९६ घरांच्या प्रत्येक ताटलीत दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून मिसळावेत, आणि कुठली नळी कोणाची हे यंत्रावर बसणाऱ्याला कळू नये, ही काळजी इतकी साधी आहे की तिचा कंटाळा येतो. ती घेणाऱ्या तंत्रज्ञांबद्दल मला फार आदर वाटतो.

त्या रकान्याबद्दल माझं मत आता असं झालं आहे. पहिले प्रश्न चार आजीआजोबांच्या गावांचे आणि घरच्या बोलीचे. समाजाचा प्रश्न सगळ्यात शेवटी, टेबलापासून दूर, आडोशाला, आणि तो का विचारतो आहोत हे विचारण्याआधी सांगायचं: तुमची तुलना तुमच्यासारख्याच माणसांशी व्हावी आणि कोणाच्या नावावर खोटा आजार चिकटू नये म्हणून. उत्तर नावापासून वेगळ्या कागदावर, दुसऱ्या कुलपात. निकाल समाजाच्या नावाने छापायचा नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या नव्या माणसांत पुन्हा दिसेपर्यंत तर मुळीच छापायचा नाही. आणि ज्यांना उत्तर द्यायचं नाही त्यांनी नाही म्हणावं. त्यांची नळी बाजूला काढायची नाही, पोहे आणि साखरेचा रिपोर्ट त्यांनाही मिळायला हवा. गावातले बाकीचे शंभर जण दोन्ही बाजूंना नीट वाटलेले असतील, तर नाही म्हणणाऱ्या पाच-दहा जणांची जागा त्यांची स्वतःची जनुकंच दाखवतात, आणि तेवढं गणिताला झेपतं.